लातूरची बॉडी, नांदेडचं इंजिन

ज्या गाडीत बसल्यावर आभाळ भरून आलेलं असतानाही गॉगल लावावासा वाटतो ती स्पोर्ट्स कार, अशी आमच्या साडूंची व्याख्या आहे. साडू लातूरला एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतात. त्यामुळे व्याख्येच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते लगेच फळ्याकडे वळतात, आणि फळा नसेल तर फ्रीजच्या दारावर लिहायला लागतात. तरी मी एकदा म्हणून पाहिलं, "साडूभाऊ, हिला चार दारं आहेत. मागच्या सीटवर तिघं बसून चौथ्याला 'या, सरकतो' म्हणू शकतात. डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे जातात. ही स्पोर्ट्स कार कशी?"

"स्पोर्ट हा दाराचा गुण नाही, मनाचा आहे," ते म्हणाले आणि गॉगल लावला. गाडी तेव्हा विटांवर उभी होती.

ही गाडी म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा. 1984 च्या सुमाराला ती बाजारात आली. बॉडी विलायतेतल्या व्हॉक्सहॉलची, तीही तिकडे 1978 मध्ये बंद पडलेल्या मॉडेलची. लांबलचक नाक, रुंद खांदे, आणि चालताना आपण कुणालातरी भेट देणार आहोत असा चेहरा. मराठवाड्यात ही गाडी वापरायला त्या काळी एकच अट होती. मालक एकतर साखर कारखान्याचा चेअरमन असावा, नाहीतर चेअरमनच्या विरोधात पॅनेल उभं करणारा असावा. बॉनेटखाली मात्र कंपनीने सुरुवातीला ॲम्बेसेडरचंच 1489 सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवलं होतं. बाहेरून पैलवान, आतून कारकून. चढ लागला की गाडीतले सगळे संचालक आपोआप गप्प बसायचे, कारण बोलण्यात वाया जाणारी ताकदसुद्धा गाडीला हवी असायची.

पुढे कंपनीलाही ते बघवेना. तिने जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घालून 'काँटेसा क्लासिक' काढली. तेच इंजिन नंतर ॲम्बेसेडरलाही मिळालं. तिकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने फियाटच्या बॉडीत निसानचं इंजिन घालून 118 एनई विकली. म्हणजे जुन्या अंगात नवं इंजिन घालायचा नाद गल्लीतल्या मिस्त्र्यांच्या आधी मोठमोठ्या कारखान्यांना लागला होता.

खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारचीही कथा निराळी नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी गाडी बनायची. फायबरची बॉडी, उघडं छत, सगळं कसं समुद्रकिनाऱ्याला शोभणारं. इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, 1149 सीसी. दिलीप छाब्रियांनी 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दाखवली. आकार असा की बघणाऱ्याने वाकून नमस्कार केल्याशिवाय आतलं माणूस दिसू नये. इंजिन पुन्हा रेनॉचंच, दोन लिटर टर्बो. एकूण आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे इंजिन दुसऱ्याचं आणि ऐट आपली. ही सगळी माहिती साडूंनी फ्रीजच्या दारावर लिहून काढली, खाली दोन रेघा मारल्या आणि निष्कर्ष काढला, "मग मी तरी काय वेगळं करतोय?"

त्यांची काँटेसा अगदी सुरुवातीच्या काळातली, तीन अक्षरी जुन्या नंबरची. एका माजी चेअरमनच्या वाड्यामागे गोठ्यात उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली होती. व्यवहार ठरला, पण कोंबडी उठेपर्यंत ताबा मिळाला नाही. गाडी घरी आली तेव्हा इंजिन जाम झालेलं होतं. साडूंनी बॉनेट उघडलं, आणि तिथून पुढे जे झालं त्याला इंजिन फक्त निमित्त आहे.

आपल्याकडे उघडं बॉनेट हे सार्वजनिक ठिकाण मानलं जातं. तिथे कुणीही येऊन वाकू शकतो. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. साडूंच्या बॉनेटपाशी त्या सोळाही रस्त्यांनी माणसं येऊ लागली. कंबरेवर हात ठेवून, आत बघून, "हं" म्हणायचं ही पहिली पायरी. मग सल्ला.

"काय करलालाव सर? इंजन बदललालाव? मॅटॅडोरचं टाका. डिझेल. मरत न्हाई."

"मॅटॅडोरचं कशाला? जीपचं टाका. शेतात बी चालंल."

"मारुती एस्टीमचं टाका, लई पळतंय. आमच्या भाच्यानं टाकलं होतं."

"आता कुठंय तो?"

"सहा म्हैने झाले, पलंगावरच हाय. पन गाडी लई पळाली."

एका शेतकऱ्याने तर साडूंना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "सर, उगं खर्चात पडू नका. विहिरीवर आमचं किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजन हाय. लाईट आल्यापासून रिकामंच बसलंय. घेऊन जावा." यात फसवणूक नव्हती, निव्वळ माया होती. मराठवाड्यात इंजिन म्हणजे इंजिन. ते पाणी उपसेल, पिठाची गिरणी चालवेल, मग सरांना तेवढं ड्यूटीवर नेऊन सोडणार नाही का?

साडूंनी मात्र इसुझूच हवं म्हणून हट्ट धरला आणि ते हैदराबादच्या एका भंगारवाल्याकडे सापडलं. ॲम्बेसेडरमधून उतरवलेलं, गिअरबॉक्सासकट. भंगारवाल्याने इंजिनावर पान्ह्याने दोनदा ठोकून आवाज ऐकवला. हाच त्याचा कंडिशनचा दाखला. साडूंनी कॉम्प्रेशन, टॉर्क, आरपीएम असे प्रश्न विचारले. तो म्हणाला, "साहब, रख लो. आपके बाद भी चलेगा."

इथपर्यंत मी या कथेत नव्हतो. पण इंजिन कोण बसवणार हा प्रश्न आला, आणि साडूंच्या कानावर कुणीतरी नांदेडच्या देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांचं नाव घातलं. मी नांदेडला राहतो. एवढ्या गुन्ह्याबद्दल ते इंजिन देगलूर, नरसी, नायगाव करत छोट्या हत्तीतून माझ्या अंगणात येऊन पडलं. उस्तादांच्या गॅरेजमध्ये जागा होईपर्यंत ते तिथेच राहणार होतं. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं साडू फोनवर म्हणाले. फिजिक्सवाल्यांचा दिवस नेमका किती तासांचा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"दाजींचं इंजिन आपल्या तुळशीपाशी कशाला?" बायकोने विचारलं.

"पाहुणं आहे, जाईल."

पाहुणं राहिलं. त्याच्यातून तेल गळून फरशीवर एक काळा नकाशा तयार झाला. शेजारच्या पोरांनी त्याला क्रिकेटचा स्टंप केलं. दसरा आला तेव्हा प्रश्न पडला की गाडी नसलेल्या इंजिनाची पूजा करायची का. सासूबाईंचा फोनवरून निर्णय आला की दारात आलेलं यंत्र उपाशी ठेवू नये. मग त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवशी ते इंजिन खरोखर देखणं दिसत होतं, आणि आहे तिथेच स्थापना करून देणगीपेटी ठेवली तर खर्च भरून निघेल असा विचार माझ्या मनाला शिवून गेला.

शेवटी उस्तादांकडे जागा झाली आणि नवीन पेच उभा राहिला. गाडी नांदेडला आणायची की इंजिन लातूरला न्यायचं? नवं महसूल आयुक्तालय नांदेडला हवं की लातूरला, यावर दोन्ही गावं वर्षानुवर्षं भांडली आहेत. त्यामुळे हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. लातूरच्या मिस्त्र्याचं म्हणणं, "बॉडी जिथं, इंजन तिथं." उस्तादांचं म्हणणं, "दिल के पास बदन आता, बदन के पास दिल नै जाता." तसा महाराष्ट्राच्या गाडीतून लातूरचं इंजिन उतरवून नांदेडचं बसवण्याचा प्रयोग दोनदा झालेला आहे. मुख्यमंत्रिपदी 1986 मध्ये शिवाजीराव निलंगेकरांच्या जागी शंकरराव चव्हाण आले आणि 2008 मध्ये विलासराव देशमुखांच्या जागी अशोक चव्हाण. दोन्ही वेळा काम मुंबईत झालं, वरून परस्पर झालं आणि वायरिंगला हात लावावा लागला नाही. आमच्याकडे हायकमांड म्हणजे मेहुणी. तिने "माझ्या दारातून ती एकदाची हलवा" असा आदेश काढला आणि गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून नांदेडकडे निघाली. स्टिअरिंगवर साडू होते. गॉगल लावून.

उस्ताद हा मोठा शांत माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, "सर, इंजन तो बैठ जाता. पन इंजन अकेला नै आता. खानदान लेके आता."

इंजिन खरंच एका दुपारीत बसलं. कडुनिंबाच्या फांदीला चेन कप्पी लावली, जुनं इंजिन वर उचललं, नवं खाली सोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडूंनी फोटो काढून लातूरच्या सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मिशन सक्सेसफुल'. आणि मग दुसऱ्या दिवसापासून खानदान यायला लागलं.

पहिलं आलं फाउंडेशन. जुन्या इंजिनाचे पाय जिथे टेकत होते तिथे नव्याचे टेकेनात. ते कापून, पट्ट्या वेल्डिंग करून नवे केले. मग लक्षात आलं की ऑइल चेंबर खालच्या आडव्या पट्टीला घासतंय. चेंबर ठोकून आत घेतलं, तर आतली जाळी चेंबरला लागली. पाच गिअरचा बॉक्स जुन्यापेक्षा लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायला लेथवाल्याकडे गेला. लेथवाल्याने तो इतका मन लावून कापला की परत थोडा जोडावा लागला. गिअरची दांडी जिथून वर यायला हवी तिथे ड्रायव्हरची पाण्याची बाटली ठेवायची जागा होती, आणि जिथे दांडीसाठी भोक होतं तिथून आता रस्ता दिसत होता. रेडिएटर लहान पडला. सायलेन्सर मोठा झाला. ॲक्सिलरेटरची केबल दोन बोटं कमी भरली. वायरिंगवाला आला, त्याने चाळीस वर्षांपूर्वीच्या वायरींकडे पाहिलं आणि आपल्या पोराला म्हणाला, "बघ, आजोबांच्या काळचं काम." त्याने सगळं जोडल्यावर डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा. उस्ताद म्हणाले, "अच्छा है सर. मुडते वक्त सामने साफ दिखना."

साडूंच्या अंगात लातूर पॅटर्न भिनलेला. बारावीच्या गुणवत्ता यादीत गावाचं नाव ज्या पॅटर्नने नेलं तो इंजिनाला का लागू होऊ नये? त्यांनी उस्तादांसाठी वेळापत्रक तयार केलं. सोमवारी क्लच, मंगळवारी कूलिंग, बुधवारी रिव्हिजन, रविवारी संपूर्ण अभ्यासक्रमावर सराव परीक्षा. लॅमिनेशन करून गॅरेजच्या भिंतीवर लावलं. उस्तादांनी ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "सर, ये पुराना इंजन है. इसको डॉक्टर नै बनना."

या सगळ्या काळात सर्वांत महागाचा सुटा भाग कुठला म्हणाल, तर 'आता एवढं केलंच आहे तर' हे वाक्य. आता एवढं केलंच आहे तर क्लच प्लेट नवीन टाकू. क्लच नवीन टाकलाच आहे तर ब्रेक जुने कशाला? ब्रेक आहेत तर टायर नकोत का? टायर नवे आले की रंग जुना दिसतो. रंग नवा झाला की सीट फाटकी दिसते. सीट शिवायला टाकली तर शिवणारा विचारतो, "सर, म्युझिक सिस्टीमला जागा ठेवू का?" या वाक्याने माणसं साध्या नळाच्या गळतीपासून सुरू करून तीन मजली बंगल्यापर्यंत पोचलेली मी पाहिली आहेत. साडूंना तर फिजिक्समुळे शास्त्रीय आधारही होता. गतीत असलेली वस्तू गतीतच राहते, हा न्यूटनचा नियम त्यांनी खर्चाला लावला. गाडीला तो लागू होत नव्हता, कारण ती गतीतच नव्हती.

खर्चाची वही मेहुणीच्या हाती लागू नये म्हणून साडू रकमा 'स्टेशनरी' या खात्यावर लिहीत. एकदा तिने वही पाहिली आणि विचारलं, "अहो, एका महिन्यात एवढे खडू?" प्रकरण सासऱ्यांपर्यंत गेलं. सासरे लोहा तालुक्यातले. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत त्यांचा जन्म गेला आहे. जिथे लांबलांबून घोडे विकायला येतात त्या जत्रेत ते नुसतं दात बघून घोड्याचं वय सांगतात. ते मुद्दाम गॅरेजवर आले, काठी टेकवून बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "पाव्हणं, एवढ्या पैशात माळेगावला जातिवंत घोडा आला असता."

"मामा, घोडा एक आला असता. यात पंच्याऐंशीच्या आसपास घोडे आहेत," साडू अभिमानाने म्हणाले.

"मग त्यातला एक तरी चालतोय का?"

चालला. एके दिवशी सेल्फ मारला, इंजिन खोकलं, मग खाकरलं आणि सुरू झालं. आवाज खरोखर सुंदर होता. उस्तादांनी डोळे मिटले, टॅपेट ऐकले आणि "हौ" म्हणाले. उस्तादांच्या "हौ"ला नांदेडच्या गॅरेजलाइनीत प्रमाणपत्राची किंमत आहे. गाडी लातूरला न्यायची ठरली. सोबत मी, मागच्या सीटवर उस्ताद, आणि त्यांच्या मांडीवर पान्ह्यांची पेटी. मेकॅनिक स्वतःची पेटी मांडीवर घेऊन बसला की प्रवाशाने काय समजायचं ते समजावं.

लोह्यापर्यंत गाडी अशी गेली की साडूंनी गॉगलवरून हात काढला नाही. माळाकोळीपाशी काटा वर चढू लागला. अहमदपूरला बॉनेटमधून वाफ दिसली. चाकूरच्या अलीकडे गाडीने एक दीर्घ उच्छ्वास सोडला आणि एका हॉटेलासमोर आपणहून थांबली. उस्तादांनी झाकणाला हात लावू दिला नाही. "थंडा होने दो, नै तो सीधा मुँह पे आता."

मी हॉटेलात जाऊन पाणी मागितलं. आता पाणी मागताना आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत याचं भान ठेवावं लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 'जलदूत' गाडी स्टेशनात शिरताना लोक तिच्याकडे जसे बघत होते तसं नवरीकडेही कुणी बघत नसेल. ज्या जिल्ह्याने टाकीतल्या पाण्याची पातळी रोज काठीने मोजली, तिथला माणूस रेडिएटरसाठी पाणी मागणाऱ्याकडे कसा बघेल?

"प्यायला पाहिजे का गाडीला?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"गाडीला."

"माणसाला लागलं तर घागरभर देतो. गाडीला न्हाई. चहा घ्या, चहासंगं गिलासभर पाणी येतंय. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

हा माणूस कायदेपंडित व्हायचा राहून गेला होता. आम्ही चहा मागवला. तीन चहा, तीन ग्लास पाणी, तिन्ही रेडिएटरमध्ये. पुन्हा तीन चहा. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींना दया आली, त्यांनी आपले ग्लास दिले, पण त्याबदल्यात बॉनेटमध्ये वाकून सल्ला दिला. "डिझेल टाकायचं होतं." रेडिएटर काठोकाठ भरला तेव्हा आम्ही इतका चहा प्यालो होतो की तिघांचेही हात इंजिनापेक्षा जास्त थरथरत होते. हॉटेलवाल्याने बिल घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्या बारीला निलंगा भात बी खावा. त्याच्यावर दोन गिलास देतो."

गाडी लातूरला पोचली. आता कागद. साडूंनी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम तोंडपाठ केलं होतं. गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, इंजिन बदललं तर त्याची रीतसर नोंद करून घ्यावी लागते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी खेळू नका असं बजावलं आहे. साडूंची बाजू भक्कम होती. गाडीची कंपनी तीच, इंजिनही त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीतलं. इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा असतो. तो नंबर नेमका अशा जागी होता की तिथे एकतर हात जात होता किंवा नजर, दोन्ही मिळून नाही. सरांनी गाडीखाली झोपून, चाचपडत, ब्रेल वाचल्यासारखा ठसा घेतला. पहिल्या कागदावर त्यांच्याच घड्याळाच्या पट्ट्याचा ठसा आला.

खिडकीवरचे साहेब सज्जन होते. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, "सर, सगळं बरोबर आहे. फक्त हे इंजिन ज्या गाडीतून निघालं, त्या गाडीचा कागद द्या. ती गाडी मोडीत निघाली, हे कळायला नको का?"

साडूंनी बाहेर येऊन हैदराबादला फोन लावला. "भाई, वो इंजन कौनसी गाडी का था?"

"ॲम्बेसेडर का, साहब."

"हाँ, पर कौनसी ॲम्बेसेडर?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "सफेद थी."

भारतातल्या सरकारी आणि निमसरकारी ॲम्बेसेडरींचा विचार करता या खुणेवरून गाडी शोधायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. पण भंगारवाला शब्दाचा पक्का निघाला. त्याने गोदामातली पोती उलटीपालटी केली, कागद मिळाला, नोंद झाली, आणि साडूंनी लातूरभर पेढे वाटले. नवीन गाडी घेतल्यावर वाटतात त्यापेक्षा पाव किलो जास्तच.

राहता राहिलं जुनं इंजिन. ते विकायला नको का? भंगारवाला काटा घेऊन आला. बिडाचं वजन करून भाव सांगितला आणि म्हणाला, "जालन्याला जाईल सर. भट्टीत वितळून सळई होईल, कुणाच्यातरी स्लॅबला लागेल." साडूंचा चेहरा पडला. चेअरमनला चढावर गप्प बसवणारं इंजिन कुणाच्यातरी बाथरूमच्या स्लॅबमध्ये? त्यांनी त्याला परत पाठवलं. जुनं इंजिन आता त्यांच्या व्हरांड्यात आहे. वर काच ठेवून टीपॉय केलाय. पाहुण्यांना चहा त्याच्यावरच देतात आणि आधी विचारतात, "ओळखा पाहू, हे काय आहे?" मी दरवेळी ओळखत नाही. नात्यात एवढं करावं लागतं.

गाडीला आता नवीन चिंता लागली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. नळ्या बदलायला निघाल्यावर अर्थातच साडू म्हणाले, "आता एवढं केलंच आहे तर..." मी फोन ठेवून दिला. पण गंमत अशी की हे इथेनॉल उसापासूनही बनतं. म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी शेवटी उसावरच चालायला लागली.

आणि चालते कशी? इंजिन पूर्वीच्या दीडपटीहून अधिक ताकदीचं, गिअर पाच, रस्ता नवा. तरीही लातूर ते नांदेड जायला तितकाच वेळ लागतो, कारण पुढे उसाचा ट्रॅक्टर असतो. दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना टेकणारा ऊस, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरच्या कानापाशी इतकं मोठं गाणं की आपला हॉर्न त्याला ढोलकीची साथ वाटावी. साडूंचे पंच्याऐंशी घोडे दुसऱ्या गिअरमध्ये मान खाली घालून त्याच्या मागे चालतात. मी एकदा वैतागून म्हणालो, "मारा की ओव्हरटेक! आता तरी ताकद आहे ना?"

साडूंनी गॉगल काढून पुसला. "साडूभाऊ, जरा डोकं लावा. तो ऊस कारखान्यात गेल्याशिवाय इथेनॉल होणार नाही, इथेनॉल झाल्याशिवाय पंपावर पेट्रोल येणार नाही, आणि पेट्रोल आल्याशिवाय ही गाडी चालणार नाही. त्याला आधी जाऊ द्या."

तेव्हा कुणाच्या गोठ्यात जुनी गाडी उभी असेल आणि तिच्यात नवं इंजिन घालायचं मनात असेल, तर खुशाल घाला. कागद आधी करा, रेडिएटर मोठा घ्या, नांदेडला साडू आहे का ते बघून ठेवा. फक्त गाडी पळवून बघायची असेल तर ऊसतोडीचा हंगाम सोडून बघा.